निग्रोध मृग निश्चल कसा राहील? : संगणकीय ॲनिमेशनमधील अनाहूत सरक आणि तिचे निवारण

ॲनिमेशन म्हणजे चित्राला हलविण्याची कला, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो खोटा नाही. परंतु संगणकावर हे काम शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच महिन्यात निराळा अनुभव येतो. पात्र हलविणे त्याला लवकर जमते. ते एका जागी स्थिर ठेवणे जमत नाही. उभे केलेले पात्र कोणी न सांगता हळूहळू पुढे जाते, टेकवलेला हात आपोआप उचलला जातो, जमिनीवर रोवलेला पाय शेवाळलेल्या फरशीवरून निसटावा तसा निसटतो. या दोषाला इंग्रजीत ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. आपण त्याला सरक म्हणू. ही सरक का उद्भवते आणि ती कशी घालवावी, हे आपल्या विद्यालयातील एका कामाच्या आधारे येथे मांडावयाचे आहे. विषय तांत्रिक असला तरी पालकांनी पान उलटू नये, अशी विनंती आहे. यातील गणित शाळेच्या पाटीवर मावण्याइतके आहे.

नववी-दहावीच्या काही विद्यार्थ्यांनी संगणक कक्षात निग्रोधमिग जातकावर अडीच मिनिटांची फिल्म करावयास घेतली. कथा अनेकांना ठाऊक असेल. वाराणसीचा राजा ब्रह्मदत्त याला रोज मृगमांस लागे. त्याच्या उद्यानात हरणांचे दोन कळप कोंडलेले होते. एकाचा नायक निग्रोध, म्हणजे वड, आणि दुसऱ्याचा साख, म्हणजे शाखा. शिकारीच्या धावपळीत अनेक हरणे विनाकारण जायबंदी होतात, म्हणून दोन्ही नायकांनी ठरविले की रोज आळीपाळीने एकेका कळपातील एकाने स्वतःहून वधाच्या ओंडक्यावर मान ठेवावी. एके दिवशी साखाच्या कळपातील गाभण हरिणीवर पाळी आली. पाडस जन्मल्यावर आम्ही दोघेही पाळी भरून काढू, आज सूट द्या, अशी तिने विनवणी केली. साखाने नकार दिला. ती निग्रोधाकडे गेली. निग्रोधाने तिला परत पाठविले आणि स्वतः जाऊन ओंडक्यावर मान ठेवली. त्याला आधीच अभय मिळालेले असताना तो तेथे आला, हे पाहून राजा चकित झाला व त्याने दोघांनाही जीवदान दिले. निग्रोध तेवढ्यावर उठला नाही. उरलेल्या हरणांचे काय, इतर चतुष्पादांचे काय, पक्ष्यांचे काय, माशांचे काय, असे एकामागून एक विचारीत त्याने सर्वांसाठी अभय मिळविले.

जातककथा आम्ही वर्गात पुनर्जन्माचा पुरावा म्हणून शिकवीत नाही. बाबासाहेबांनी धम्माची जी विवेकनिष्ठ मांडणी केली, तिच्या उजेडात या कथा नीतिकथा म्हणून वाचावयाच्या, अशी आमची भूमिका आहे. त्या दृष्टीने पाहता या कथेचा सारा भार एका क्षणावर आहे. ज्याला मरण चुकलेले आहे तो दुसऱ्याच्या वाट्याचे मरण घेऊन शांत थांबतो. आणि नेमक्या याच दृश्यात आमच्या विद्यार्थ्यांचे हरीण सरकत होते. ओंडक्यावर टेकलेली मान हळूहळू वर येई, खुर पुढे घसरून पुन्हा मागे येत, मध्येच डोके किंचित वळे. पाहणाऱ्याला वाटे की निग्रोध घाबरला आहे, आता पळणार आहे. कथेत जे नाही, ते पडद्यावर दिसत होते.

दोष शोधण्यापूर्वी संगणक हे काम कसे करतो ते पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. हाताने चित्रे काढण्याच्या काळी मुख्य चित्रकार एखाद्या हालचालीची महत्त्वाची चित्रे तेवढी काढी. हरणाची मान वर असलेले एक, खाली टेकलेले दुसरे. मधली चित्रे साहाय्यक काढीत. अमेरिकेतील डिस्ने कंपनीत ही विभागणी फार काटेकोर होती आणि तिच्यासोबत प्रतिष्ठेची उतरंडही होती. १९४१ साली तेथील कलाकारांनी संप केला तेव्हा वेतनातील तफावत आणि श्रेयनामावलीतून वगळलेली नावे हे वादाचे मुद्दे होते. पुढे कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी मधली चित्रे संगणकाकडून काढून घेण्याची पद्धत विकसित केली. त्या पद्धतीने पीटर फोल्डेस यांनी केलेला ‘हंगर’ हा लघुपट १९७४ साली आला. त्याचा विषय भूक आणि अधाशीपणा हा होता, हे जाता जाता नोंदवितो.

महत्त्वाच्या चित्राला ‘कीफ्रेम’ म्हणतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही कल्पना परकी वाटू नये. भारहूतच्या स्तूपाचा जो कठडा आज कोलकात्याच्या इंडियन म्यूझियममध्ये आहे, त्यावरील एका गोल शिल्पात रुरु मृगाची कथा कोरलेली आहे. बुडणाऱ्या माणसाला पाठीवर घेऊन नदीतून येणारे हरीण, धनुष्य रोखलेला राजा आणि तोच राजा हात जोडून उभा, असे सारे एकाच वर्तुळात आहे. शिल्पकाराने मोजके क्षण दिले. त्यांच्या मधला काळ पाहणाऱ्याने मनात भरावयाचा. डिस्नेचा साहाय्यकही मधला काळ समजून भरीत असे. हरीण येथे स्तब्ध आहे, हे त्याला सांगावे लागत नसे. कथा ऐकली की कळे. संगणकाला कथा कळत नाही. त्याला दोन आकडे दिले की तो पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत जाणारी रेषा काढतो आणि मधल्या प्रत्येक फ्रेमवर त्या रेषेवरील किंमत घेतो. ‘येथे थांब’ ही सूचनासुद्धा त्याला आकड्यांतच द्यावी लागते. ती दिली नाही तर थांबण्याचा काळही तो हालचालीत खर्च करतो. सरकेची बहुतेक प्रकरणे शेवटी येथे येऊन पोहोचतात.

आमचे काम ‘ब्लेंडर’ या प्रणालीवर चालते. तिला परवाना शुल्क नाही, हे निवासी विद्यालयाच्या दृष्टीने किती महत्त्वाचे आहे हे सांगावयास नको. तिचा इतिहासही आपल्या लोकांना ओळखीचा वाटेल असा आहे. मूळ कंपनी बंद पडल्यावर २००२ साली तिचे जनक टॉन रोसेनडाल यांनी वापरकर्त्यांना आवाहन केले, सात आठवड्यांत एक लाख युरो वर्गणी जमली, हक्क सोडविले गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून प्रणाली सर्वांसाठी खुली झाली. वर्गणीतून विहार आणि वसतिगृहे उभारणाऱ्या समाजाला याचे अप्रूप वाटणार नाही, आपुलकी मात्र वाटावी. २०२५ साली ऑस्कर मिळविणारा लॅटव्हियाचा ‘फ्लो’ हा चित्रपट याच प्रणालीवर तयार झाला. त्यातही सारी पात्रे प्राणी आहेत आणि संवाद एकही नाही.

आता आमच्या दृश्याकडे वळू. एका सेकंदाला २४ फ्रेम धरल्या आहेत. हरीण २४ व्या फ्रेमपासून चालू लागते, ९६ व्या फ्रेमवर ओंडक्यापाशी येऊन मान टेकवते आणि राजा आल्यावर २४० व्या फ्रेमवर मान वर करून त्याच्याकडे पाहते. (मूळ कथेत निग्रोध ओंडक्यापाशी आडवा होतो. चार पायांचे जनावर बसविणे अवघड गेल्याने विद्यार्थ्यांनी त्याला उभाच ठेवून मान वाकवली.) म्हणजे सुमारे सहा सेकंद स्तब्धता हवी. पडद्यावर सहा सेकंद हा फार मोठा काळ असतो.

पहिला दोष मानेचा. मानेच्या हाडाला दोनच कीफ्रेम होत्या: ९६ वर खाली, २४० वर वर. विद्यार्थ्याच्या मनात मान २२८ पर्यंत खाली आणि मग झटकन वर असे होते. पण ते त्याच्या मनातच राहिले. संगणकाने १४४ फ्रेम मिळाल्या म्हणून १४४ फ्रेमभर मान उचलली. १६८ व्या फ्रेमवर, म्हणजे बरोबर मध्यावर, ती निम्मी वर आलेली होती. उपाय साधा आहे. ‘डोप शीट’ या खिडकीत ९६ ची कीफ्रेम निवडून ‘शिफ्ट’ आणि ‘डी’ या कळांनी तिची प्रत काढावी आणि ती २२८ वर ठेवावी. आता ९६ ते २२८ मान तशीच राहते आणि उरलेल्या १२ फ्रेममध्ये, अर्ध्या सेकंदात, वर येते. डोप शीटमध्ये दोन सारख्या कीफ्रेमना जोडणारी पट्टी दिसते. ती पट्टी दिसली तर दोन्ही ठिकाणची किंमत खरोखर एकच आहे असे समजावे. नसेल तर कोठेतरी फरक आहे. शोध घेताना मी मुलांना सर्वप्रथम ही पट्टी पाहावयास सांगतो.

येथे एक पोटदोष संभवतो. हाडाचे वळण ‘क्वाटर्निअन’ पद्धतीने नोंदले जात असेल तर त्याच्या चार किंमती असतात. चारही किंमतींची कीफ्रेम दोन्ही टोकांना हवी. एखादी सुटली तर मान थांबते, पण तिरकी होत जाते.

दुसरा दोष अधिक फसवा होता, कारण त्यात कीफ्रेम बरोबर होत्या. संपूर्ण हरणाला पुढे नेणारे जे मूळ हाड असते, त्याची पुढच्या दिशेची किंमत ९६ वर ५.० आणि २२८ वरही ५.० होती. तरीही हरीण पुढे सरकून परत येत होते. कारण कळण्यासाठी ‘ग्राफ एडिटर’ उघडावा लागतो. तेथे आडव्या अक्षावर काळ व उभ्या अक्षावर किंमत असा आलेख दिसतो. दोन बिंदूंमधील रेषा ब्लेंडर साधारणपणे बेझिए वक्राने काढतो. पिएर बेझिए हे रेनॉ मोटार कंपनीतील अभियंता. मोटारीच्या पत्र्याचे गुळगुळीत वळण गणितात बसविण्यासाठी त्यांनी हा वक्र वापरात आणला. सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनीही स्वतंत्रपणे तेच साधले होते. या वक्राचे वैशिष्ट्य असे की प्रत्येक बिंदूला दोन्ही बाजूंनी एकेक दांडी, म्हणजे ‘हँडल’ असते. वक्र बिंदूतून जातो, पण दांडीकडे ओढला जातो. ज्या विद्यार्थ्याने हे दृश्य केले त्याला हरणाचे थांबणे फार एकदम वाटले, म्हणून त्याने ९६ च्या बिंदूची डावी दांडी हाताने खाली ओढली. हाताने हलविताच दोन्ही दांड्या एका सरळ रेषेत बांधल्या जातात. डावी खाली गेली की उजवी वर जाते, तराजूच्या दांडीसारखी. उजव्या दांडीचे टोक ५.९ वर पोहोचले आणि पुढचा वक्र फुगला.

किती फुगला, हे गणिताच्या तासाला मुलांनी काढून पाहिले. दोन्ही टोकांची किंमत समान असेल, एकच दांडी उचललेली असेल आणि दुसरी सपाट असेल, तर वक्राचा सर्वांत उंच फुगवटा त्या दांडीच्या उंचीच्या चार नवमांश असतो. दांडी ०.९ एकके वर, म्हणून फुगवटा ०.४ एकके. पडद्यावर एक खूर पूर्ण घसरण्याइतके हे अंतर होते. डोळ्यांनी पाहिलेला दोष कागदावरच्या अपूर्णांकात नेमका सापडला, तेव्हा वर्गात जो आनंद झाला तो परीक्षेच्या गुणांनी होत नाही.

उपाय असा: दोन्ही बिंदू निवडून ‘व्ही’ ही कळ दाबावी आणि दांडीचा प्रकार ‘ऑटो क्लॅम्प्ड’ करावा. या प्रकारात शेजारचा बिंदू समान किंमतीचा असेल तर दांडी आपोआप सपाट होते व वक्र मर्यादा ओलांडीत नाही. त्याऐवजी ‘टी’ कळ दाबून पहिल्या बिंदूला ‘कॉन्स्टंट’ किंवा ‘लिनिअर’ हा प्रकार देता येतो. तो त्या बिंदूपासून पुढच्या बिंदूपर्यंतच्या रेषेला लागू होतो. समान किंमतींमध्ये दोन्हींचा परिणाम एकच, स्थिरता. माझे मत असे की शिकणाऱ्याने आधी सारे काम कॉन्स्टंटवर करावे. हरीण एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत उड्या मारताना दिसेल, पण कोणती स्थिती किती वेळ टिकते ते स्पष्ट कळेल. वक्र नंतर आणावा. दांड्यांशी खेळण्याचा मोह फार असतो आणि निम्मी सरक त्या मोहातून येते.

तिसरा दोष क्षुल्लक, पण वेळखाऊ. डोके मध्येच वळत होते, कारण १७१ व्या फ्रेमवर डोक्याच्या हाडाची एक भलतीच कीफ्रेम होती. कालपट्टीवर एक गोल बटण असते. ते चालू असेल तर पात्राला नुसता धक्का लागला तरी त्या क्षणी कीफ्रेम नोंदली जाते. एकाच संगणकावर चार विद्यार्थी पाळीपाळीने बसतात तेथे असे होणारच. भलती कीफ्रेम पुसली आणि काम संपल्यावर ते बटण बंद करावयाचे, अशी सूचना कक्षाच्या फळ्यावर लिहून ठेवली.

राहिले पायांचे घसरणे. ही सरक थांबल्यानंतरची नसून ओंडक्याकडे येतानाची आहे, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याला ती सर्वांत आधी खुपते. चालण्याचे ॲनिमेशन बहुधा जागच्या जागी करतात: एक पूर्ण फेरी, चारही पाय एकेकदा उचलून टेकलेले. मग तीच फेरी पुन्हा पुन्हा चालवून मूळ हाडाने सबंध हरीण पुढे नेतात. आमची फेरी २४ फ्रेमची होती आणि एका फेरीत हरणाची चाल १.२ एकके भरत होती. २४ ते ९६ या ७२ फ्रेममध्ये तीन फेऱ्या, म्हणजे ३.६ एकके. विद्यार्थ्यांनी हरीण ० पासून ५.० पर्यंत नेले होते. पाय ३.६ चालले, शरीर ५.० गेले, उरलेले १.४ एकके खुरांनी घसरून भरून काढले. कमी मजुरीत जास्त काम उरकल्याचे दाखविणारा हिशेब जसा कोठेतरी फुटतो, तसा हा जमिनीपाशी फुटला. सुरुवातीची जागा १.४ केली, तेव्हा अंतर बरोबर ३.६ आले.

तेवढ्यानेही घसरणे पूर्ण गेले नाही. मूळ हाडाचा वक्र बेझिए होता, म्हणून शरीर आरंभी संथ, मध्ये वेगवान व शेवटी पुन्हा संथ जात होते. पाय मात्र एका लयीत पडत होते. २४ च्या बिंदूला लिनिअर प्रकार दिला, तसे खुर जमिनीला धरून राहिले. टेकलेला खूर फेरीमध्ये मागे जातो तो वेगही एकसारखाच हवा, नाहीतर तोच दोष दुसऱ्या दाराने आत येतो. ज्यांना जागच्या जागीची फेरी वापरावयाची नाही, त्यांनी खुराला ‘आयके’ लावावे. या व्यवस्थेत खूर एका ठिकाणी खिळविला जातो आणि गुडघा किती वाकवावा हे संगणक काढतो. अट एकच: खुराचे नियंत्रण धडाच्या हाडाला बांधलेले नसावे, अन्यथा धड हलले की खिळलेला खूरही सोबत जातो.

हे सारे दुरुस्त झाल्यावर निग्रोध सहा सेकंद तसूभरही हलेना. आणि मग एका विद्यार्थिनीने म्हटले, “सर, आता तो मेल्यासारखा दिसतो.” तिचे निरीक्षण अचूक होते. जिवंत प्राणी स्थिर राहतो तेव्हाही श्वास घेतो. जुन्या चित्रकारांना हे ठाऊक होते. थांबलेल्या पात्रात अत्यल्प हालचाल जिवंत ठेवण्याची त्यांची रीत होती. म्हणून मुलांनी छातीच्या स्वतंत्र हाडाचा आकार १.०० ते १.०२ इतका कमी-जास्त होईल अशा कीफ्रेम दिल्या आणि ‘सायकल्स’ या सुविधेने त्यांची आवर्तने केली, दर दोन सेकंदांना एक श्वास. एक कान एकदाच हलविला. मान आणि खुर यांना हात लावला नाही. सरक आणि श्वास दोन्ही हालचालीच आहेत. एक कोणी न ठरविता शिरली होती, दुसरी ठरवून ठेवली. आता पाहणाऱ्याला हरीण भ्यालेले वाटत नाही आणि निर्जीवही वाटत नाही.

या कथेचा आपल्या महाराष्ट्राशी जुना संबंध आहे, तोही सांगतो. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगपट विभाग सुरू झाला तेव्हा डिस्नेचे चित्रकार क्लेअर वीक्स तेथे शिकविण्यास आले होते. ‘स्नो व्हाइट’ व ‘बॅम्बी’ या चित्रपटांवर काम केलेला हा माणूस जन्माने भारतातला. त्यांच्या मार्गदर्शनाखाली तरुण भारतीय चित्रकारांनी १९५७ साली ‘द बनियन डिअर’ हा रंगीत ॲनिमेशनपट पूर्ण केला. तो याच निग्रोधमिग जातकावर आधारलेला आहे. धम्मदीक्षेला तेव्हा नुकतेच वर्ष होत होते.

आमच्या फिल्ममधील एक दृश्य अजून अपुरे आहे. गाभण हरीण साखाकडे विनवणी करते, तेथे तिचे थरथरणे हवे आहे आणि ते मुद्दाम आणावयाचे आहे. त्यासाठी ग्राफ एडिटरमधील ‘नॉइज’ ही सुविधा मानेच्या आणि पुढच्या पायांच्या आलेखाला लावून पाहिली. पहिल्या प्रयोगात ती थंडीने कुडकुडल्यासारखी दिसली, दुसऱ्यात बरीच बरी. स्तब्धतेच्या दृश्याची दुरुस्तीपूर्वीची व नंतरची अशा दोन्ही फायली संगणक कक्षातील पहिल्या यंत्रावर ठेवल्या आहेत. या क्षेत्रात काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीत येऊन हरिणीच्या दृश्यासाठी एखादा दिवस दिला, तर मुले त्यांची वाट पाहत आहेत.